छायाचित्रांची जागतिक बाजारपेठ आणि कोल्हापूर जिल्हा

कोल्हापुरात १९१८ मध्ये चलच्चित्रणाचा एक कॅमेरा तयार झाला. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी त्या कामास हात घातला होता. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले आणि पुढे बाबूरावांनी सहकाऱ्यांच्या मदतीने ते यंत्र पुरे केले. परदेशी कॅमेरा सहजासहजी हाती येण्याजोगा नव्हता, म्हणून तो घरीच घडवावा लागला. त्याच उद्योगातून महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. हा इतिहास जिल्ह्यात अनेकांना ठाऊक आहे. तो येथे पुन्हा सांगण्याचे कारण इतकेच की, त्या काळी सारे अडले होते ते यंत्रापाशी. आज आठवड्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्याच्या खिशातही कॅमेरा आहे. तरीही या जिल्ह्यातील होतकरू तरुणाने काढलेले उत्तम छायाचित्र बहुधा त्याच्या मोबाइलमध्येच पडून राहते. आता अडते ते दोन साध्या गोष्टींपाशी. एक, चित्राखाली लिहावयाचे अचूक नाव. आणि दुसरी, चित्रातील माणसाची लेखी संमती. छायाचित्रे इंटरनेटवरून विकण्याचा व्यवसाय ज्यांना करावयाचा आहे, त्यांच्यासाठी कॅमेऱ्यापेक्षा या दोन गोष्टींचा विचार अधिक मोलाचा आहे.

हा व्यवसाय नेमका काय आहे, ते प्रथम स्पष्ट व्हावयास हवे. भूगोलाचे पाठ्यपुस्तक छापणाऱ्यास ऊसतोडीचे चित्र लागते. बँकेला आपल्या पत्रकासाठी शेतकरी कुटुंबाचे चित्र लागते, ठिबक सिंचनाचे साहित्य करणाऱ्या कारखान्यास पिकाचे, तर परदेशातील एखाद्या मासिकास कुस्तीच्या आखाड्याचे. यांपैकी प्रत्येकाने आपला छायाचित्रकार कोल्हापूरला धाडावयाचे म्हटले तर खर्च परवडणार नाही. म्हणून तयार छायाचित्रांचा मोठा साठा बाळगणाऱ्या संस्थेकडे तो जातो, हवे ते चित्र शोधतो आणि ठरावीक रक्कम भरून ते वापरण्याचा परवाना घेतो. यालाच स्टॉक फोटोग्राफी असे म्हणतात.

महाराष्ट्राला हा धंदा नवा नाही. जगदीश अगरवाल यांनी १९८७ मध्ये मुंबईत ‘दिनोदिया’ हा छायाचित्र-संग्रह सुरू केला. तो पारदर्शिकांचा म्हणजे स्लाइडचा काळ होता. संग्रहातील स्लाइड ग्राहकाकडे पाठवावयाची, छपाई झाल्यावर ती सुखरूप परत आणावयाची, अशी तेव्हाची रीत असे. इंटरनेटने हे सारे बदलले. कॅनडातील कॅल्गरी येथे २००० मध्ये ‘आयस्टॉकफोटो’ निघाले. न्यूयॉर्कमध्ये जॉन ओरिंजर यांनी २००३ मध्ये स्वतः काढलेल्या सुमारे ३०,००० छायाचित्रांच्या भांडवलावर ‘शटरस्टॉक’ उभे केले. दिल्लीत संदीप माहेश्वरी यांनी २००६ मध्ये ‘इमेजेसबझार’ काढले ते केवळ भारतीय चेहऱ्यांच्या आणि भारतीय प्रसंगांच्या चित्रांसाठी. भारतीय ग्राहकाला भारतीय माणसाचेच चित्र हवे असते, ही गोष्ट त्यांनी हेरली. जी गोष्ट देशाच्या बाबतीत खरी ठरली, ती जिल्ह्याच्या बाबतीतही खरी ठरू शकते. ताजमहालाच्या छायाचित्रांना जगात तोटा नाही. चुलवाणात चिपाडे सारणाऱ्या माणसाची चांगली छायाचित्रे मात्र शोधूनही फार सापडत नाहीत.

या व्यवहारात छायाचित्र विकले जात नाही, त्याच्या वापराचा हक्क तेवढा दिला जातो. प्रतिहक्क, म्हणजे कॉपीराइट, छायाचित्रकाराकडेच राहतो आणि तेच चित्र शंभर ग्राहकांना शंभर वेळा देता येते. जनावर गोठ्यात राहते आणि दूध रोज संघाला जाते, हे कोल्हापूरच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. हा व्यवहार त्याच जातीचा आहे. फरक असा की, येथे दुधाचा भाव अगदीच कमी आहे आणि त्याबद्दल नवख्यांची फसगत होते. ‘शटरस्टॉक’ने जून २०२० पासून जी पद्धत लागू केली, तीत छायाचित्रकाराचा वाटा १५ टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत ठेवला. वर्षभरात जितकी चित्रे अधिक उचलली जातील तितका वाटा वाढतो, परंतु प्रत्येक १ जानेवारीस सर्वांची गणती पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होते. एका चित्राच्या एका वापरामागे दहा अमेरिकी सेंट इतकीच रक्कम पदरात पडण्याचे प्रसंगही त्या पद्धतीत येतात. ‘ॲडोबी स्टॉक’ छायाचित्रांसाठी ३३ टक्के वाटा देते. ही आकडेवारी सांगावयाची ती एवढ्यासाठी की, कोणीही कर्ज काढून महागडा कॅमेरा घेऊ नये. या संस्थांना साधारणतः चार मेगापिक्सेल किंवा अधिक स्पष्टतेचे, धूसर नसलेले जेपीईजी चित्र लागते. हाती असलेल्या बऱ्यापैकी मोबाइलवर किंवा जुन्या डिजिटल कॅमेऱ्यावर आरंभ करता येतो. पहिली दोन वर्षे हा शेतीला किंवा नोकरीला जोडधंदा समजावा.

नावाचे मोल

आता नावाचा प्रश्न. ग्राहक चित्र शोधतो ते शब्दांनी. संस्थेच्या संगणकात लक्षावधी चित्रे असतात आणि प्रत्येक चित्रामागे छायाचित्रकाराने स्वतः लिहिलेले शीर्षक आणि शोधशब्द असतात. ‘शटरस्टॉक’मध्ये एका चित्रास ५० पर्यंत, ‘ॲडोबी’मध्ये ४९ पर्यंत शोधशब्द देता येतात. शब्द चुकला की चित्र हरवले, मग ते कितीही सुंदर असो.

गुऱ्हाळघराचेच उदाहरण घ्यावे. कोल्हापूरच्या गुळास २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. हंगामात गुऱ्हाळघरात गेलेल्या तरुणाला एका दिवसात वीस प्रसंग टिपता येतील: चरकातून पडणारा रस, चुलवाणावर उकळणारी काहील, मळी वर यावी म्हणून रसात घातलेला रानभेंडीचा चिकट रस, पाक कोठवर आला हे नजरेने आणि बोटाने ओळखणारा गुळव्या, वाफ्यात ओतलेला पाक, साच्यातून निघालेली ढेप. आता हा तरुण त्या चित्राला इंग्रजीत ‘भारतीय माणूस, धूर, स्वयंपाक, गाव’ असे चार शब्द लावून मोकळा झाला, तर ज्या प्रकाशकाला गुळाचे चित्र हवे आहे त्याला ते कधीच दिसणार नाही. ‘जॅगरी’ हा शब्द हवा, हिंदीतला ‘गुड’ हवा, ऊस हवा, काहिलीचे इंग्रजी वर्णन हवे, कोल्हापूर आणि महाराष्ट्र ही नावे हवीत. उलट, अधिक ग्राहक मिळावेत या लोभाने ‘तपकिरी साखर’ असे लिहिणे चुकीचे आहे, कारण तो पदार्थ निराळा आहे. दक्षिण अमेरिकेत उसाच्या रसापासून गुळासारखाच ‘पनेला’ करतात. तो शब्दही आपल्या ढेपेला लावू नये. काकवीला मोलॅसिस म्हणणे ही तर सर्रास होणारी चूक आहे. साखर कारखान्यातील मळी वेगळी आणि गुऱ्हाळातील काकवी वेगळी. हा भेद कॅनडातील संपादकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. कागल किंवा करवीर तालुक्यातील तरुणाला तो ठाऊक असतो, आणि त्याचे खरे भांडवल तेच आहे.

पन्हाळ्याचेही असेच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या यादीत जे १२ किल्ले घेतले, त्यांत पन्हाळा आहे. त्यामुळे या किल्ल्याच्या चित्रांची मागणी वाढावी अशी अपेक्षा ठेवणे वावगे नाही. परंतु अंबरखान्याच्या चित्राखाली ‘भारतातील जुनी इमारत’ असे लिहून काय उपयोग? ते धान्याचे कोठार आहे, हे लिहावयास हवे. तीन दरवाजा आणि अंधारबाव यांची नावे रोमन लिपीत ज्या ज्या प्रकारे लिहिली जातात, ते सर्व प्रकार द्यावयास हवेत. अशा संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावून वा दिवे लावून चित्रण करावयाचे असल्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी, हे ओघाने आलेच.

नाव गळाले म्हणजे काय होते, याचा अनुभव जिल्ह्याने अलीकडेच घेतला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांचा तो संयुक्त मान आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथील एका प्रदर्शनात ‘प्राडा’ या इटालियन कंपनीने अगदी तशाच घाटाची पादत्राणे मांडली आणि त्यांचे वर्णन केवळ ‘चामड्याच्या सँडल’ असे केले. येथील कारागीर आणि व्यापारी यांनी आवाज उठविल्यानंतर, या घाटाचे मूळ भारतीय हस्तकलेत आहे हे कंपनीने मान्य केले. ज्यांनी त्या वेळी नावासाठी रास्त संताप व्यक्त केला, त्यांच्यापैकी किती जणांनी आपल्या मोबाइलमधील चपलांच्या चित्रांना कापशी, पुकारी, बक्कलनाळी, कचकडी अशी त्यांची खरी नावे दिली असतील, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. जो छायाचित्रकार कातडे कमावण्यापासून वेणी गुंफण्यापर्यंत कामाची प्रत्येक पायरी टिपून तिचे नाव लिहील, त्याचा संग्रह ग्राहकालाही उपयोगी पडेल आणि कारागिराला पुराव्यासारखा कामी येईल.

तारखेचेही महत्त्व नावाइतकेच आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुराचे चित्र जुलै २०२१ च्या महापुराचे म्हणून दिले गेले, तर वाचकाची दिशाभूल होते आणि मदतकार्यावरचा विश्वासही उडतो. वृत्तपत्रीय वापरासाठी द्यावयाच्या चित्रात काहीही पुसू नये, काहीही घालू नये. स्थळ, तारीख आणि प्रसंग एवढे मजकुरात खरेखरे लिहावे.

संमतीचा कागद

यापुढचा भाग अधिक नाजूक आहे आणि पंचायत सदस्यांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. या संस्था चित्रांच्या वापराचे दोन वर्ग मानतात. एक वृत्त आणि माहितीपर वापर, दुसरा व्यापारी म्हणजे जाहिरातीसाठी वापर. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाने न्हालेल्या गर्दीचे चित्र पहिल्या वर्गात देता येते. जाहिरातीसाठी द्यावयाच्या चित्रात ओळखू येणारा प्रत्येक चेहरा लेखी संमतीने बांधलेला असला पाहिजे. मूल असेल तर आईवडिलांची सही हवी. या संमतिपत्रास ‘मॉडेल रिलीज’ म्हणतात. त्यावर बहुधा साक्षीदाराचीही सही लागते आणि त्याचा नमुना सर्वसाधारणपणे इंग्रजीत असतो.

खरी अडचण येथेच आहे. शेतात भांगलण करणारी एखादी वृद्ध बाई कॅमेऱ्याकडे पाहून हसते. ओळखीचा पोरगा आहे, काढतो आहे फोटो, तर काढू दे, असे तिला वाटते. पोरगा कागद पुढे करतो आणि ती अंगठा उठविते. त्या कागदाने तिने काय दिले, हे तिला कोणी सांगितलेले नसते. तिचा चेहरा उद्या कर्ज देणाऱ्या एखाद्या कंपनीच्या फलकावर दिसू शकतो, गुडघेदुखीच्या औषधाच्या डबीवर दिसू शकतो. ज्या देशाचे नावही तिने ऐकलेले नाही तेथील पुस्तकात तो दिसू शकतो. छायाचित्रकाराने पुढे पश्चात्ताप होऊन चित्र संग्रहातून काढून घेतले, तरी ज्यांनी आधीच परवाना घेतला त्यांच्याकडून ते परत येत नाही. मानहानीकारक वापरास या संस्थांच्या नियमांत मनाई असते, हे खरे. परंतु नियम मोडला गेला आहे हे त्या बाईला कळणार कसे आणि दाद ती मागणार कोठे?

म्हणून कागदाचा मजकूर मराठीत समजावून सांगितल्याखेरीज सही किंवा अंगठा घेऊ नये. साक्षीदार म्हणून शिक्षकाने किंवा पंचायत सदस्याने सही करावयाची असेल, तर आपल्या देखत तो मजकूर वाचून दाखविला गेला याची त्याने खात्री करून घ्यावी. नुसती सही देऊन उपकार करू नये. ‘नको’ म्हणणाऱ्यास दुसऱ्यांदा विचारू नये. चित्रासाठी ज्याने आपला वेळ दिला त्याला त्या दिवसाच्या मजुरीइतकी रक्कम द्यावी आणि चित्राची छापील प्रत त्याच्या घरी पोचवावी, हे योग्य होईल. या खर्चाने आरंभीचा नफा खाऊन टाकला तरी हरकत नाही. गावात पुन्हा कॅमेरा घेऊन जाता आले पाहिजे.

माणसांखेरीज वस्तूंचाही अडथळा असतो. ट्रॅक्टरवरील कंपनीचे नाव, खताच्या पोत्यावरील बोधचिन्ह, दुकानाची पाटी, ही सारी जाहिरातीच्या चित्रात चालत नाहीत. आणि चौकाचौकांतील वाढदिवसांच्या डिजिटल फलकांनी तर जिल्ह्यातील कित्येक सुंदर चित्रे बाद केली असतील! त्या फलकांवरील प्रत्येक नेत्याचे आणि प्रत्येक कार्यकर्त्याचे संमतिपत्र कोण आणणार? त्यापेक्षा कॅमेरा थोडा फिरवावा हे बरे.

चित्र कोणाच्या मालकीचे?

तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालविणाऱ्यांच्या मनात हा विषय निघताच एक विचार येतो. आपल्याकडे हजारो लग्नांची छायाचित्रे पडून आहेत, तीच विकावीत! तसे करता येणार नाही. प्रतिहक्क कायदा, १९५७ अन्वये छायाचित्र काढणारी व्यक्ती ही त्याची कर्ता मानली जाते. परंतु मोबदला देऊन कोणी चित्र काढून घेतले असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक तो ग्राहक होय. म्हणजे लग्नाची छायाचित्रे वधूवरांच्या पक्षाची. नोकरीचा भाग म्हणून काढलेले चित्र त्याच न्यायाने नोकरी देणाऱ्याचे, आणि शासकीय कामासाठी काढलेले शासनाचे. पंचनाम्याच्या वेळी तलाठ्याने किंवा वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात कर्मचाऱ्याने कार्यालयासाठी टिपलेले चित्र स्वतःच्या नावे विकावयाचे नसते. शासकीय सेवकास सुटीच्या दिवशी स्वतःच्या छंदातून हा उद्योग करावयाचा असेल, तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ पाहून आणि वरिष्ठांकडून लेखी खुलासा घेऊन मगच पाऊल टाकावे. ज्याचा प्रतिहक्क स्वतःचा आहे त्याचे संरक्षण मात्र दीर्घ आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. तेव्हा मूळ फाइली जपून ठेवणे हे मुलाबाळांच्याही हिताचे आहे.

पैसे हाती येण्याची रीत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. नाव नोंदविताना अमेरिकी संस्था करविषयक एक पत्रक भरून घेतात. त्यात पॅन क्रमांक देऊन भारत-अमेरिका कर कराराचा लाभ मागितला, तर अमेरिकेतील विक्रीवरील मानधनातून ३० ऐवजी १५ टक्के कपात होते. पत्रकातील नाव, पॅनवरील नाव आणि बँक खात्यावरील नाव एकच असावे. एका अक्षराच्या फरकाने रक्कम अडकून पडते. हे उत्पन्न भारतातील विवरणपत्रात दाखवावयाचे असते आणि परदेशात कापलेल्या कराची वजावट तेथे मागता येते.

अलीकडे एक नवी शंका विचारली जाते. संगणकच आता मागाल ते चित्र तयार करून देतो, तर छायाचित्रकाराला कोण विचारणार? शंका निराधार नाही. हस्तांदोलन करणारे दोन अधिकारी, हिरव्या शेतात हात उंचावून हसणारा शेतकरी, असली सर्वसामान्य चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेने क्षणात बनतात आणि त्यांच्या भरवशावर व्यवसाय उभारण्याचे दिवस सरले असेच समजावे. ‘गेटी इमेजेस’ने सप्टेंबर २०२२ मध्ये अशी यंत्रनिर्मित चित्रे घेण्याचे नाकारले, ‘ॲडोबी स्टॉक’ ती तसा स्पष्ट उल्लेख करून घेते. ‘ॲडोबी’ने २०२३ मध्ये पुढे आणलेले ‘फायरफ्लाय’ हे यंत्र तर त्यांच्या संग्रहातील चित्रांवरच शिकविलेले आहे. करारातील हे कलम नवख्याने वाचून मगच संमती द्यावी. तथापि, हुपरीच्या चांदी कारागिराच्या हातातील हत्यार नेमके कसे असते, किंवा खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात ऊन कसे उतरते, हे यंत्र अंदाजाने रंगविते. पाठ्यपुस्तकाच्या संपादकाला अंदाज चालत नाही.

या कामी शाळा आणि पंचायती यांना खर्चाशिवाय करता येण्यासारखे बरेच आहे. गावातील कारागिरांची आणि हंगामी कामांची महिनावार यादी पंचायतीने करावी. कोणत्या पंधरवड्यात भाताची रोप लावण, कधी ऊस तोडणी, कधी यात्रा, हे आधी कळले तर छायाचित्रकाराचा हेलपाटा वाचतो. सणाची चित्रे सणापूर्वी दोन-तीन महिने संग्रहात पोचलेली असावी लागतात, म्हणून यंदाच्या दिवाळीत काढलेले चित्र पुढच्या दिवाळीसाठी, असा हिशेब ठेवावा लागतो. माध्यमिक शाळेतील इंग्रजीच्या शिक्षकाने मुलांकडून गावातील अवजारांची, धान्यांची, पदार्थांची मराठी नावे गोळा करवून त्यांचे इंग्रजी वर्णन लिहवून घ्यावे. कुळव, पाभर, मोट, जातं, उखळ अशी शंभर नावांची एक वही झाली तरी ती छायाचित्रकाराला महागड्या भिंगापेक्षा अधिक उपयोगी पडेल. त्याच वहीच्या शेवटी संमतिपत्राचा सोप्या मराठीतील अनुवाद चिकटवून ठेवावा, आणि ती पंचायत कार्यालयात अशा ठिकाणी असावी की, चित्र काढण्यासाठी आलेल्याला आणि ज्याचे चित्र काढावयाचे आहे त्यालाही ती मागता येईल.